रुमाल नंबर चौदा

उदगीर, शुक्रवार, संध्याकाळ

निबंध अजून पिशवीतच आहे. इस्लामी इतिहासाच्या ज्या त्रैमासिकासाठी तो लिहिलाय, त्यांनी एकच विचारलं होतं, दर्ग्याच्या इनामाची फारसी सनद कुठं आहे ते पुन्हा पडताळून कळवा. मी तळटिपेत फक्त लिहिलं होतं, रुमाल नंबर चौदा, म्हणजे कागद बांधून ठेवलेल्या लाल कापडाचा नंबर. सनदेची तारीख, शिक्का, काहीच उतरवून घेतलं नव्हतं. जिल्ह्याचं दफ्तर कुठं पळून जातंय, असं वाटलं. जिल्हा फुटून लातूर वेगळा झाला आणि ते खरंच गेलं.

आज लातूरला जाऊन पाहिलं. भाड्याच्या एका खोलीत सगळे कागद पोत्यांत भरलेले. रुमाल उतरवलेले, कागद सुटे.

कारकून म्हणाले, "सर, जुने नंबर आता न्हाईत. सगळी माणसं टँकरच्या मागं हायत. हे लावायचं कवा?"

मग म्हणाले, पाणी तरी प्या. माठाच्या तोंडाला लाल कापड बांधलेलं, टँकरचं पाणी गढूळ येतं म्हणून. कापडाच्या कोपऱ्यात पुसट शाईत आकडा होता. चौदा. मी तीनदा वाचला. मग पाणी प्यायलो.

परतल्यावर स्टँडवर मौलवीसाब भेटले. ती सनद त्यांनीच मला अक्षर अक्षर लावून वाचायला शिकवली. आता त्यांना दिसत नाही, तरी अंक हातात धरायचाय.

"कधी छापून राहिले?"

पुढच्या अंकात, म्हणालो. का म्हणालो?

मघाशी तळटीप खोडायला घेतली. खोडली नाही. रुमाल नंबर चौदा आहेच की. त्यातूनच गाळलेलं पाणी पिऊन आलोय.