ग्लोरियाच्या कागदावरचा कोड

शुक्रवार, संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेआधी

किळस आली आज. ग्लोरियाची सासू आली, बोटाला थुंकी लावून फाइलची पानं उलटली आणि डॉक्टरांचा कागद माझ्यापुढे धरला. त्यावर आजाराचा कोड होता, एफ साठ.

"विहीणबाई, स्वभावाचाच आजार आहे तुमच्या पोरीला. हा कागद फादरांना दिला की लग्न रद्द होईल."

वर माझाच चहा फुंकून प्यायली. माझी पोर उलट बोलते, हे खरं. पण त्याला आजार म्हणायचं?

ती गेल्यावर ग्लोरियाला विचारलं, "डॉक्टरांनी काय काय विचारलं गं तुला?"

"मला बाहेरच बसवलं होतं, ममी. आत नवरा आणि सासू बोलत होते."

ते थुंकीचं बोट डोळ्यांपुढून जात नाही.

उद्या चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेनंतर पोरीला फादरांकडे नेते. तीच बोलेल. मी बाहेर बसेन.