गिऱ्हाईक आलं का?

सोलापूर

प्रिय धर्मपाल,

सप्रेम जय भीम. तुझी कंबर आणि विजयमालाचा गुडघा यांतलं आधी कोण बरं झालं ते कळव. मी ठीक आहे. इथलं ऊन नेहमीसारखंच, कुणाचं ऐकत नाही. (फोनवर काही लिहिलं की तू नुसता अंगठा दाखवतोस, म्हणून हे पत्र.)

विषय आपल्या टीव्ही गेमच्या खोक्याचा. बुद्धप्रिया पुढच्या रविवारी मला पुण्याला न्यायला येते आहे. लेकीच्या घरी मला एक खोली आणि एक कपाट, तेव्हा काय ठेवायचं ते आधीच ठरवायचं. न ठरलेलं सगळं भंगारात. मी तिला गेमच्या कॅसेटींचे फोटो पाठवले. तिने नेटवर शोधून सांगितलं की बाकीच्या गल्लोगल्ली मिळतात, पण ती जपानी दुकानदाराची दुर्मिळ आहे. मला कोण आनंद झाला! मग म्हणाली, "पण आई, दुर्मिळ असून भाव नाही तिला. कुणालाच नको होती, म्हणून थोड्या उरल्यात." (आपल्या थोरल्या आत्याबद्दलही लोक असंच काहीसं म्हणायचे.)

आठवते ना ती? माझ्या पहिल्या पगारात मशीन आणलं तेव्हा "अशी कुणाकडंच नसंल की, अक्का!" म्हणत तूच हट्टाने निवडलीस. खरंच कुणाकडे नव्हती. मिशीवाला दुकानदार हात जोडून बसलेला, खाली सगळी जपानी अक्षरं. बटण दाबलं की तो उठायचा, फडकं मारायचा, पुन्हा बसायचा. एका रिमोटवर आपण आळीपाळीने त्याला उठवत-बसवत राहायचो, आणि आई भाकरी थापता थापता आतून विचारायची, "आलं का रं गिऱ्हाईक?" आपण म्हणायचो, न्हाय. "मग दुकान नीट झाडा की!"

एवढ्या मायेची वस्तू भंगारात जाऊ नये म्हणून मी निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'जुन्या, दुर्मिळ कॅसेट योग्य घरी द्यायच्या आहेत.' (कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला आभाराचं पत्र लिहायला शिकवलं, जाहिरात नाही.) दुसऱ्या दिवशी अक्कलकोटकडचे एक म्हातारे भजनी, मडिवाळप्पा नावाचे, टेपरेकॉर्डर काखेत मारून दारात हजर. त्यांना भजनाच्या कॅसेटी हव्या होत्या! मी ओशाळून खोकं पुढे केलं. त्यांनी दुकानदाराचं चित्र लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं, मग कॅसेट कपाळाला लावून विचारलं, "बाई, ह्ये स्वामी कुठल्या मठाचं हो?"

आता अशा माणसाला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? मी चहा टाकला आणि मशीन टीव्हीला जोडलं. पडदा काळाच. मग आपलं जुनं शास्त्र आठवलं: कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. माझ्या फुंकरीत आता दम राहिला नाही. मडिवाळप्पांनी मारली. भजनी छाती, थोडी सुपारीही आत गेली. पण दुकानदार प्रकट झाला! आम्ही दोघं कपबशी हातात घेऊन त्याच्याकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने ते हळूच म्हणाले, "गिऱ्हाईक येत न्हाय व्हय? पाप!" (त्यांच्या कानडीत पाप म्हणजे बिचारा.) धर्मपाल, आईनंतर हे कुणी विचारलं नव्हतं. मी साखर आणायला म्हणून आत गेले आणि साखर न घेताच बाहेर आले.

तर माझं ठरलं आहे. भाव नाही, उपयोग नाही, पुण्यात जागा नाही. खोकं भंगारात जाईल. तू त्यासाठी धावपळ करू नकोस. आई गेल्यापासून ड्युटीमुळे तुला इकडे येता आलं नाही, हे मी समजते. (तुझ्या कुर्डुवाडीहून सोलापूरला गाड्या येतात, हेही मला ठाऊक आहे.)

विजयमालाला जपायला सांग.

तुझी
अक्का

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी आईचं कपाट आवरलं. पाहुण्यांसाठी जपलेल्या कपबश्यांच्या मागे, प्लास्टिकच्या पिशवीत, मशीनचा दुसरा रिमोट निघाला. कोरा. आठवतं, आई काय म्हणाली होती? "एकच वापरा. दुसरा चांगला ऱ्हाऊ द्या, पाव्हणं आल्यावर काढू." मी तो जोडला आणि बटण दाबलं. दुकानाची घंटी वाजली आणि एक बाई आत आली. अरे, दुसरा रिमोट म्हणजेच गिऱ्हाईक! आई रोज विचारत होती, आणि गिऱ्हाईक तिच्याच कपाटात बसलं होतं.

ता. ता. क. एकटीला जमत नाही. दुकानदाराला उठवायला जावं तर बाई निघून जाते. बाईला थांबवावं तर तो बसून राहतो. रविवारच्या आत ये. भाकरी करते, शेंगाची चटणी आहेच. खोक्याचं तेव्हा ठरवू. (भंगारात जात नाही, हे ठरलंच आहे, पण बुद्धप्रियाला बोलू नकोस.) दुसरा रिमोट पुसून पुन्हा पिशवीत ठेवला आहे. पाव्हणं आल्यावर काढू.