पेटीत वाजणारे फोन

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे धडधाकट आहेत. तिकडे तुझे गुडघे आणि दाजींचा राग दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो (गुडघ्यांची जास्त). मंगळवार ते गुरुवार तू अकरा वेळा फोन केलास आणि मी एकदाही उचलला नाही, म्हणून तू चिडली असशील. ताई, अकराच्या अकरा वेळा मी तो ऐकला. हाताच्या अंतरावर वाजत होता. पण तो लोखंडी पेटीत होता, आणि पेटीला मी स्वतः बनवलेलं कुलूप होतं.

त्याचं असं झालं. लेकीच्या शाळेत पालकांची सभा झाली. मुलं दिवसाचे किती तास पडद्यासमोर घालवतात यावर मुख्याध्यापिकाबाई तासभर बोलल्या (मागच्या दोन रांगांतले पालक ते फोनवर टिपून घेत होते, किंवा निदान फोनवर होते). घरात सगळ्यांना एकच नियम लावा आणि आधी मोठ्यांनी तो पाळा, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगू का, मला पडद्याची एवढी काळजी नव्हती. चौदावं लागल्यापासून पोरगी 'हं' आणि 'नको' या दोन शब्दांवर माझी बोळवण करते. हीच पूर्वी दुकानात माझ्या बाकड्याखाली बसून किल्ल्यांचे जुडगे मांडायची. आता तिची मान खाली, आणि माझ्या वाट्याला नुसता भांग. फार लागतं ते, ताई. म्हणून सगळं खापर फोनवर फोडलं आणि कामाला लागलो.

नियम ठरला: संध्याकाळी सात ते नऊ घरातले तिन्ही फोन पेटीत. लेकीने शांतपणे माझा फोन उघडून दाखवलं की घरात सगळ्यात जास्त वेळ मीच बघतो, दिवसाला चार तास पन्नास मिनिटं. मी म्हटलं, ते कामाचं असतं. आणि खोटं नाही ते. कुणी एक गृहस्थ कुलपं उघडून दाखवतो, ते मी बघतो. दिवसभर कुलपं उघडणारा माणूस घरी येऊन दुसऱ्याला कुलपं उघडताना का बघतो, असं तुझ्या भावजयीने विचारलं. मी लगेच पेटी आणायला उठलो.

कुलूप असं केलं होतं की भल्याभल्यांनी हात टेकावेत. आता माझी एक जुनी सवय तुला सांगायला हवी. नव्या कुलपाची किल्ली मी फोनच्या कव्हरच्या खिशात ठेवतो, म्हणजे ती हरवत नाही. मंगळवारी सात वाजता मोठ्या समारंभाने तिन्ही फोन आत ठेवले आणि कुलूप दाबून बसवलं (दाबलं की बसणारं, उघडायलाच तेवढी किल्ली लागणारं). किल्ली हरवली नव्हती. अगदी जपून ठेवलेली होती, कव्हरात, पेटीच्या आत.

हिने छिन्नी-हातोडा सुचवला. कुलूपवाल्याच्या घरात हातोडा चालला तर दुकान बंद करावं लागेल, असं म्हणून मी बाणेदारपणे नकार दिला. तेवढ्यात पेटी वाजायला लागली. माझ्या धंद्यात फोन वाजला म्हणजे कुणीतरी दाराबाहेर अडकलेलं असतं. बुधवारी सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई दुकानापर्यंत चालत आल्या. दवाखान्याला कुलूप आणि बाहेर गाल सुजलेले तीन जण. त्या तिघांचं माझ्याबद्दल काय मत होतं ते सांगवत नाही. त्यांनाही सांगवत नव्हतं.

तर मंगळवारी मी तारा घेऊन बसलो. जमेना. थोड्या वेळाने लेक शेजारी येऊन टेकली.

"बाबा, तुम्ही जोर जास्त लावताय. सरका."

ताई, वर्षभरात तिच्याकडून एवढं लांबलचक बोलणं मी ऐकलं नव्हतं. मी सरकलो. तीन संध्याकाळी आम्ही दोघं त्या पेटीवर डोकी घालून बसलो होतो. हात तारेवर असला की तोंड आपोआप सुटतं, हे मला या धंद्यात इतकी वर्षं काढून कळलं नव्हतं. तिची मैत्रीण आता दुसऱ्या बाकावर बसते. गणिताचा तास तिला नकोसा होतो. आणि दुकानात यायचं तिने सोडलं, कारण मी एकदा गिऱ्हाइकांसमोर 'हात लावू नकोस' म्हणून तिच्यावर खेकसलो होतो. मला ते आठवतही नव्हतं. मी माफी मागितली. ती 'हं' म्हणाली, पण हा 'हं' जरा बरा होता.

गुरुवारी साडेआठला तिच्या हाताखाली कुलूप सुटलं. तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग फोनकडे. पुढच्या मिनिटाला घरातल्या तिन्ही माना खाली गेल्या होत्या. तेव्हा पडद्याचा प्रश्न आमच्याकडे कायमचा सुटला आहे, आणि तसं मी मुख्याध्यापिकाबाईंना कळवलंही (फोनवरून). दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण आमच्या दोन खोल्यांत लेकीला ऐकू गेल्याशिवाय राहत नाही. ते कुलूप मंगळवारी मी पंधरा मिनिटांत उघडलं होतं. तेवढ्यात ती शेजारी येऊन बसली आणि मी ते अंगठ्याने हळूच परत दाबलं. दातवाल्या तिघांची मनातल्या मनात माफी मागितली आहे.

आणखी एक ता. क. रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय, ती आणि मी. तुझ्या घरात एखादं कपाट, ट्रंक, काही अडकलेलं आहे का? नसेल तर अडकव आणि किल्ली हरवली म्हणून सांग. फक्त कुलूप साधं लावू नकोस. साधं ती आता दहा मिनिटांत उघडते.