करवलीचा तांब्या

दादा,

काल तू फोनवर म्हणालास, "सुनीती, तनया देवाचं लेकरू गं, पण निवेदिताच्या लग्नात करवली दुसरी कुणीतरी होऊ दे. पाहुणे विचारतील."

विचारू देत! डाउन सिंड्रोम आहे, म्हणून सांग. तिला सावकाश कळतं, पण कळतं. आणि देवाचं लेकरू आहे, तर देवाब्राह्मणांसमोर उभं का नको राहायला?

तुझ्याच लेकीने तिला करवली केलंय. तेव्हापासून भरलेला तांब्या हातात धरून ती घरभर चालते. तू नको म्हणालास, हे मी तिला सांगणार नाही. नारपोलीहून ये आणि तिच्याकडे बघून तूच सांग.

आत्ताच ओरडली, "आई, मामाला सांग, सांडलं नाही!"

हे पत्र नाहीच पाठवत. फोनवर तिचं तेवढंच सांगते.

तनयाची आई