फळ अजून झाडावर आहे

प्रिय आई, पाया पडते, आणि ऐक, जिंकले!

चर्चच्या भिंतीवरचं जे जुनं चित्र मी साफ करतेय, त्यातल्या आदाम-हव्वेला कुणीतरी मागाहून फडकी रंगवली होती. ती पुसायची म्हटल्यावर पाद्रीबाबा हटूनच बसले, "देवाच्या घरात नागवी माणसं?"

माझ्यासोबत काम करणारी ज्यू मैत्रीण म्हणाली, "आमच्या धर्मग्रंथातही हीच गोष्ट आहे. लाज फळ खाल्ल्यावर वाटली. इथे फळ अजून झाडावरच आहे!"

पाद्रीबाबांनी चष्मा लावून फळ पाहिलं आणि हसून म्हणाले, "पुसा."

रंगाच्या वासाचा खोकला जवळजवळ गेलाय. तुझा गुडघा?

फडकी पुसून झाल्यावरचा फोटो पाठवतेय. शेजाऱ्यांना दाखवताना बाबा नेमका तिथेच अंगठा ठेवतील. त्यांना म्हणावं, तिथलंच फडकं काढायला तुमची लेक महिनाभर खपलीय!

तुझीच,
धाकटी