समोरच्या दारचा पेला

मॉंटरे, ६ ऑगस्ट १९८४

ती. निनफा आत्याआजीस,
सारोचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुझ्या कानापर्यंत काही पोचत नाही, म्हणून हे पत्र. मी कॉलेज मध्येच सोडल्याची बातमी सॅक्रामेंटोला पोचली असेलच. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तरी आईला सांगतात की त्याला म्हणावं इकडे सरकव.

सध्या सांतोकाकाच्या हॉटेलच्या दारात उभा असतो. तुझंच जुनं काम. धक्क्यावर हिंडणाऱ्या पाहुण्याच्या हातात तिसऱ्या-शिंपल्यांच्या दुधाळ सुपाचा पेला ठेवायचा, चव आवडली की तो आपसूक आत जातो. समोर ब्रुकोलेरींच्या दारात त्यांचं लाल मासळीचं सूप, आणि ते घेऊन उभी त्यांची नात फ्रांका.

पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. ती दिवसभर पाहुण्यांना सांगते की भिंतीला कागद चिकटवायचा असेल तर समोर खळ फुकट मिळते. मी म्हटलं, ह्यांचं सूप मात्र शरमेनं लाल झालंय. त्यावर ती हसली, आणि त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही.

अडचण तुला ठाऊक आहे. जत्रेत सांता रोझालियाची मूर्ती कुणाच्या होडीतून न्यायची ह्यावरून पणजोबांचं त्यांच्याशी बिनसलं, तेव्हापासून आपल्या घरच्यानं समोरचा पेला हातात घेतला म्हणजे घर सोडलं असं धरतात. आणि फ्रांका जत्रा झाली की सॅन डिएगोला मावशीचं हॉटेल सांभाळायला निघाली आहे, कायमची. त्याआधी तिला कुठेतरी जेवायला नेऊन थांब म्हणून विचारायचंय. तू आणि बेप्पेआजोबा इतकं बाहेर जेवलात. अन्न चांगलं आणि ओळखीचं कुणी नाही अशी एखादी जागा सुचव.

तुझ्या मायेच्या भरवशावर असलेला,
सारो

---

सॅक्रामेंटो, १४ ऑगस्ट १९८४

चि. सारोस,
निनफाचे अनेक आशीर्वाद.

कॉलेजबद्दल दोन ओळी आणि मुलीबद्दल पानभर. तुझ्या बापाचं मीठ कुठे जातंय ते कळलं. त्याच्याशी मी नंतर बोलेन, तुझ्याशीही.

जेवायच्या जागा विचारतोस, पण आमचं बाहेर जेवणं चंद्रावर अवलंबून असायचं. सार्डीन अंधाऱ्या रात्री पाण्यात चमकते, तेव्हाच जाळं टाकायचं. पौर्णिमेच्या आठवड्यात काही दिसायचं नाही, होड्या बांधलेल्या, आणि सगळं गाव धुतलेले सदरे घालून जेवायला बाहेर. वोंग ह्या चिन्याच्या खाणावळीत आल्यातला खेकडा. बेप्पे त्याचे पाय मला फोडून द्यायचा आणि स्वतः रस्सा चोखत बसायचा. आमेलिया म्हणून एक पोर्तुगीज बाई होती, ती घराच्या मागच्या खोलीत घेवड्याचं सूप वाढायची आणि पानात उरलं तर नवऱ्यांना बोलायची. नाच संपल्यावर अल्वाराडो रस्त्यावर कागदात तळलेली माकुळं. बोटं भाजायची, पण थांबवत नसे. मग सार्डीन गेली, कारखाने बंद पडले. वोंगच्या जागी आता टायर विकतात असं ऐकते. बेप्पे असता तर टायरवाल्याकडेही खेकडा मागितला असता.

मॉस लँडिंग गावात आमेलियाची सून अजून खाणावळ चालवते म्हणे. तिथे जा. पण त्या मुलीला भिंतीकडे तोंड करून बसवू नकोस.

एक विचारते. ब्रुकोलेरींच्या सुपाला अजून बडीशेपेचा वास येतो का? दुपारी वारा फिरला की आमच्या दारात यायचा. चव कशी ते मला ठाऊक नाही.

अंगात लोकरीचं घालत जा, धुक्यात उभा असतोस.

तुझी,
निनफा आत्याआजी

---

मॉंटरे, २७ ऑगस्ट १९८४

ती. आत्याआजीस,
सारोचा नमस्कार, खाली मान घालून.

भिंतीकडे तोंड करूनच बसवलं. खांबाआडचं टेबल मीच मागून घेतलं. सूप उत्तम होतं, पण दार वाजलं की माझी मान वळायची. तिसऱ्यांदा वळली तेव्हा फ्रांकानं चमचा खाली ठेवला आणि विचारलं की आपण चोरी करून आलोय का. मी म्हटलं, तुला आपल्या लोकांचा स्वभाव माहीत नाही. ती म्हणाली की स्वभाव चांगला माहीत आहे, चार पावलांवर माझ्या दारात यायला ज्याचे पाय कापतात तो मला गाडीत घालून इतक्या लांब आणतो. अशा माणसासाठी मी कशाला थांबू?

माझं डोकं तर तुला माहीत आहे. मी म्हणालो, जा मग, सॅन डिएगोत मासळी पुष्कळ. म्हणालो आणि त्याच क्षणी जीभ तोडावीशी वाटली. परतीच्या वाटेवर ती एवढंच बोलली, की कॉलेज अर्ध्यावर, जेवण अर्ध्यावर, तुझं पूर्ण झालेलं काही असलं तर पत्रानं कळव.

आता ती समोर उभी असते, पण खळीचं काही म्हणत नाही. जत्रेच्या दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढलंय. बडीशेपेचा वास येतो, आजी. दुपारी येतो.

तुझा,
सारो

---

सॅक्रामेंटो, २ सप्टेंबर १९८४

चि. सारोस, आशीर्वाद.

फ्रांकाचे आजोबा कालोजेरो अजून भटारखान्यात बसतात का? एकतीस साली मी दारात उभी असायची आणि तो समोर. जत्रेच्या दिवशी त्यानं सगळ्यांसमोर वाटी भरून माझ्यापुढे धरली. लोक हसले, मीही हसले, आणि वाटी त्याच्याच हातात राहिली. पुढच्या वर्षी बेप्पे आला. त्याच्याबरोबर माझे दिवस चांगले गेले, ह्यात खोटं काही नाही. पण वास येतो आणि चव माहीत नाही, हे फार वर्षं चाललंय.

जत्रेच्या रविवारी मी बसनं येते. पौर्णिमाही आलीच आहे. मला जेवायला बाहेर ने. कुठे ते मी ठरवीन.

निनफा आत्याआजी

---

मॉंटरे, १२ सप्टेंबर १९८४

ती. आत्याआजीस,
सारोचा साष्टांग नमस्कार, ह्या वेळी खरोखरचा.

बस सुखरूप पोचल्याचं कळलं. बँडच्या ढोलांमुळे तू कानातलं यंत्र पर्समध्ये ठेवलं होतंस, म्हणून पाहिलंस सगळं आणि ऐकलं काहीच नाहीस. ते लिहितो.

मूर्ती होडीत चढवून लोक परतत होते. तू ब्रुकोलेरींच्या दारासमोर थांबलीस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस की मी म्हातारी, मला कोण काय करणार, आधी तू. हळू बोलतेय अशी तुझी समजूत होती. धक्क्याखालचे सील प्राणीसुद्धा भुंकायचे थांबले असावेत.

मी एप्रन सोडला. सांतोकाका मागून म्हणाला की सारो, तो पेला घेतलास तर ह्या दारात परत उभा राहू नकोस. मी घेतला. घाईत अर्धं मनगटावर सांडलं. फ्रांका विचारत होती की भाजलं का. मी नाही म्हटलं, भाजलं होतं. मग उरलेला तिथेच उभ्यानं सगळा प्यायलो आणि तिला म्हटलं, तू थांबावंस म्हणून आलोय, सगळ्यांच्या देखत. तिनं रिकाम्या पेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, चला, एक तरी गोष्ट पूर्ण केलीस.

मग तू तुझा पेला घेतलास. त्यावर सांतोकाका काय म्हणाला ते लिहीत नाही, पण शेवटी तो म्हणाला की आत्याला आत नीट खुर्ची द्या रे, तिचा गुडघा दुखतो.

फ्रांकानं तिकीट परत केलंय. बॅग उघडली आहे, कपडे मात्र अजून कपाटात लावलेले नाहीत. कॉलेजात पुन्हा नाव घातलंस की लावीन, म्हणते. तोवर मी ब्रुकोलेरींची भांडी घासतो. बाबांनी काल मीठ स्वतः माझ्याकडे मागितलं.

आता राहिलं ते. तू बसलीस तेव्हा कालोजेरो आतून आले, तुझ्या गळ्याला रुमाल बांधला आणि वाकून तुझ्या कानात काही बोलले. मिठाचं विचारतायत असं वाटून तू मान हलवलीस आणि म्हणालीस, बेताचंच घाल. मी मागेच उभा होतो. ते म्हणाले होते, निनफा, वाटी गार झाली गं, थांब, गरम करून आणतो.

पुढच्या पौर्णिमेला ये. ते विचारत होते.

तुझी माया आहे, ती पातळ होऊ देऊ नकोस.

सारो