खाऱ्या पाण्यावरची स्वीटपी

सांता फिलोमेना, १२ एप्रिल १९५८

ति. एतेल्विनाताईस,
धाकट्या निएवेसचा सा. न. आणि नमस्कारापाठोपाठ तक्रार.

वाळवंटातल्या या सोऱ्याच्या खाणीवर लग्न करून येऊन वर्ष होत आलं, पण जीव थाऱ्यावर नाही. अबेलिनो कामावर गेला की मी या खोलीतून त्या खोलीत, तिथून परसात. परसात तरी काय, पांढरी माती आणि वारा. जेवणाच्या टेबलावर फुलदाणी आहे, तीत सासूबाईंनी केलेली कागदाची फुलं. हात फार चांगला आहे त्यांचा, खोटं कशाला बोलू? वस्तीत बारसं असो, लग्न असो, मयत असो, फुलं आमच्या सासूबाईंचीच, साऱ्या वस्तीच्या दोन्या सुनिल्दांची. पण रोज सकाळी त्या फुलांवरची धूळ झटकताना मला रडू फुटतं. खरी फुलं लावून बघू का, असं काल विचारलं, तर म्हणाल्या, इथे दगडसुद्धा वाळतात बाई, तुझं बी काय तग धरणार!

ताई, आपल्या वाफ्यातल्या त्या वासाच्या वेलीचं, स्वीटपीचं बी पाठव. आणि ती कुत्र्याच्या तोंडाची फुलं, दाबली की जबडा उघडणारी, त्यांचंही. सप्टेंबरात वसंत आला नि या टेबलावर एक ओलं फूल दिसलं नाही, तर मी गाडी धरून माहेरी लिमाचेला येणार. अबेलिनोला हे अजून बोलले नाही. आईला सांगू नकोस.

लोभ आहेच, या वेळी तो बियांच्या पुडीत बांधून पाठव.
तुझी निएवेस

लिमाचे, २ मे १९५८

चि. निएवेस हिस,
अ. उ. आ. आणि एक चिमटा.

बी पाठवलं आहे. स्वीटपीचं बी रात्रभर भिजत घाल, नाहीतर ते तुझ्याइतकंच हट्टी राहतं. रोपाला चार पानं फुटली की शेंडा खुडायचा. तुझा हात धजणार नाही, ठाऊक आहे, तरी खुड. त्याशिवाय फुटवे येत नाहीत. कळ्या लागल्या की ऊन चढायच्या आत कापायचं आणि कापतच राहायचं. झाडावर बी धरू दिलंस की ते समजतं आपलं काम झालं, आणि फुलायचं थांबतं. साबणाचं पाणी मुळीच घालू नकोस.

गाडी धरण्याचं म्हणतेस, तर दार उघडंच आहे. पण नवऱ्याशी न बोलता पळून येणाऱ्या बहिणीसाठी मी अंथरूण घालणार नाही. आधी बोल. आईला मी सांगितलं नाही, तिने माझा चेहराच वाचला. तेव्हापासून दर जेवणाला तुझं नाव निघतं.

खुशाली कळवत जा, म्हणजे आम्हाला घास गोड लागेल.
एतेल्विना

सांता फिलोमेना, २० जुलै १९५८

ति. ताईस,
सा. न.

कुत्र्याच्या तोंडाची रोपं गेली. इथलं पाणी खारट, पानांच्या कडा आधी करपल्या, मग सगळंच. स्वीटपी मात्र चरबीच्या रिकाम्या डब्यांत उभी आहे. पिण्याचं पाणी मोजकं मिळतं, त्यातला माझा वाटा मी तिला देते. त्यावरून घरात धुसफूस. सासूबाई म्हणतात, सून चहा सोडून डब्यांना पाजते, बाळंतीण झाल्यासारखी दहादा उठून बघते. थंडी पडते म्हणून मी लग्नातली शाल डब्यांवर घातली, त्यावरूनही ऐकलं.

पण परवा सासूबाई अबेलिनोला सांगत होत्या ते माझ्या कानावर पडलं. म्हणाल्या, हिची फुलं आली की माझ्याकडे कोण येईल? ताई, तोवर मला वाटत होतं की त्या माझा नुसता राग करतात. त्या घाबरल्या आहेत हे मला सुचलंच नव्हतं. पण मऊ वागायला गेले की जीभ कोरडी पडते, आणि त्याही तोंड फिरवतात.

अबेलिनोशी बोलले. त्याने उठून वेलांना चढायला तारा बांधल्या. हे उत्तर समजायचं का?

पत्राची वाट इथे पाण्यासारखी बघतात.
निएवेस

लिमाचे, ८ ऑगस्ट १९५८

चि. निएवेस,
अ. आ.

तारा बांधणं हे उत्तरच आहे, वेडे. आणखी काय हवं?

फुलं आली की सासूबाईंच्या फुलदाणीला हात लावू नकोस. साध्या पेल्यात ठेव, किंवा त्यांनाच रचायला सांग. माझी स्वीटपी पाण्यात चार दिवस टिकते नि मान टाकते. त्यांचं फूल थडग्यावर वर्षभर टिकतं. तेही कमी नाही.

आईने तुझी खोली झाडून ठेवली आहे. मी तिच्यावर रागावले. पण कुलूप मीही लावलं नाही.

जपून राहा, सविस्तर लिही.
एतेल्विना

सांता फिलोमेना स्टेशन, २७ सप्टेंबर १९५८

ति. ताईस,
नमस्कार. बाकावर बसून लिहिते आहे, अक्षर समजून घे.

स्वीटपी फुलली होती. अठरा तारखेच्या राष्ट्रीय सणानंतर असा वारा सुटला की तारांसकट वेल आडवे झाले. फुलांचे तीन दांडे वाचले. आज पहाटे कापले, पेल्यात ठेवले, घरभर वास. मी न्हायला गेले. परत येते तर सासूबाई टेबलाशी, आणि एका दांड्याचं प्रत्येक फूल पाकळी पाकळी करून ताटलीत मांडलेलं! तीनातला एक दांडा! मी काय काय बोलले ते लिहवत नाही. ट्रंक उचलली नि इथे आले.

आणि त्या मागोमाग आल्या, घरातल्याच सपाता घालून. ताई, त्या किलोताच्या, आपल्या शेजारच्या गावच्या! लहान असताना बापाबरोबर इकडे आल्या, पुन्हा गेल्या नाहीत. म्हणाल्या, इतकी वर्षं नुसत्या आठवणीवर कागद कातरत आले. आतली पाकळी कशी वळते तेच विसरले होते. मेलं एकदा बघायचं होतं. मग म्हणाल्या, तू जातेच आहेस तर मलाही ने. जमिनीत उगवलेली बघेन, मग मरेन.

मी हसले की रडले, माहीत नाही. अबेलिनो धावत आला. त्याला मी वेल सोपवले, त्याच्या आईने त्याला किल्ल्या सोपवल्या. गाडी दिसते आहे. आम्ही दोघी येतो.
निएवेस

लिमाचे, १९ ऑक्टोबर १९५८

चि. अबेलिनो यांस,
मेहुणीचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या मातोश्री सुखरूप आहेत, माझा वाफा मात्र नाही. रोज उजाडताच कात्री घेऊन उतरतात. घरात पेले, बरण्या, दुधाची भांडी, सगळी फुलांनी भरली; काल आईला सूप वाढायला भांडं मिळेना. मी कुरकुरले तर म्हणाल्या, कापल्याशिवाय येत नाहीत, हे तूच लिहिलं होतंस ना सुनेला? नाताळापर्यंत हलणार नाही असं त्यांनी सांगून टाकलं आहे. रात्री जेवणं झाली की त्या नि आई कागद कापत बसतात, आणि दोघींचं एकमेकींशी मुळीच पटत नाही, म्हणून दोघी खुशीत आहेत.

आमच्या निएवेसला मात्र इथेही चैन नाही. वेलांना पाणी घातलं असेल का, कडा करपल्या असतील का, अबेलिनो उपाशी तर झोपत नसेल, हे दिवसभर ऐकून आम्ही थकलो. तिच्याच खोलीत ती पाहुण्यासारखी बसते. काल मला म्हणाली, ताई, मी परत जाते. मी थांब म्हटलं नाही.

येत्या गुरुवारच्या गाडीने ती एकटीच निघते आहे. स्टेशनवर जा. वेलावर एखादं फूल असेल तर कापून न्या. नसेल, तर नुसते तुम्ही गेलात तरी चालेल. तिने माझ्याजवळ चौकशी केली ती वेलांपेक्षा तुमचीच जास्त.

आम्हा बायकांवर लोभ ठेवा आणि तिच्यावर थोडा अधिक.
एतेल्विना